नामावलीतले नाव आणि हजेरीतले तास

त्या पावसाळ्यात मी सलग अकरा रात्री एका किल्ल्याच्या तटाला खांदा घासत चालले. किल्ला व्हिडिओ गेमच्या पडद्यावरचा होता आणि चालणारा योद्धाही पडद्यावरचाच. माझे काम एवढेच, की तटालगतच्या हातभर-हातभर जागेवर त्याला चालवायचे, पळवायचे, उडी मारायला लावायचे आणि तो कुठे दगडात रुतत नाही ना, भिंतीतून आरपार पलीकडे पडत नाही ना, हे पाहायचे. एका बुरुजाशी, तलवार उपसत असतानाच त्याला मागे सरकवले, तर दहापैकी तीन वेळा तो जमिनीखाली नाहीसा होई. दहाही वेळा होणारा बग, म्हणजे खेळातला दोष, कोणालाही सापडतो. तीनच वेळा होणारा बग हुडकून काढणे आणि तो पुन्हा घडवून दाखवता येईल अशा पायऱ्या लिहून देणे, हे टेस्टरचे खरे कसब. पायऱ्या, बिल्डचा (खेळाच्या त्या वेळच्या आवृत्तीचा) क्रमांक आणि चित्रफीत जोडून मी तो नोंदवला, तेव्हा विमाननगरच्या रस्त्यावर दूधवाले आणि पेपरवाले दिसू लागले होते.

वर्षभराने तो खेळ बाजारात आला. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नव्हता, पण खेळ संपला की तो बनवणाऱ्यांची नावे येतात एवढे त्यांना मी सांगून ठेवले होते, म्हणून ते चष्मा लावून, खुर्ची पुढे ओढून बसले. नामावली वीस मिनिटांहून अधिक वेळ सरकत राहिली. परदेशातल्या स्टुडिओच्या कार्यालयीन मदतनिसांची नावे आली, खेळ तयार होत असताना कर्मचाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या बाळांचीही नावे आली आणि आम्हा चाळीस जणांच्या जागी, परदेशी कंपन्यांचे खेळ तपासून देणाऱ्या आमच्या कंपनीचे नाव एका ओळीत येऊन वर निघून गेले. बाबांनी विचारले, "तुझं नाव राहिलं का गं?" त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही.

ही आठवण आज लिहिण्याचे कारण वैयक्तिक नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि त्यांच्याशी निगडित क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद आणि २ लाख रोजगारांचे उद्दिष्ट, असे त्याचे स्वरूप सांगितले गेले. या क्षेत्रात दहा वर्षे काढलेल्या माणसाला अशा घोषणेचा आनंदच होतो आणि मलाही तो झाला. परंतु रोजगार किती, एवढ्याच प्रश्नाशी आपण थांबलो, तर पुण्यातल्या हजारो मुलामुलींच्या वाट्याला नेमके कसले काम येणार आहे, हे विचारायचे राहून जाईल. माझे म्हणणे असे आहे की सरकारी सवलत घेणाऱ्या प्रत्येक गेम कंपनीला दोन गोष्टी बंधनकारक केल्या पाहिजेत: ज्याने खेळावर काम केले त्याचे नाव नामावलीत येणे आणि त्याने केलेल्या प्रत्येक तासाची हजेरीत नोंद होणे. या दोन्हींच्या अभावामागचे कारण एकच आहे. आवडीचे काम हे खरे काम नव्हे, अशी समजूत करून घेणे कंपन्यांना सोयीचे जाते आणि आपणही तिला कधी हरकत घेतलेली नाही.

मोठ्या कंपनीत खेळ कसा बनतो, हे बाहेर फारसे ठाऊक नसते. एका मोठ्या खेळावर जगभरातल्या अनेक स्टुडिओंमधले हजारो लोक काम करतात. कथा आणि खेळाची मुख्य रचना एका शहरात ठरते, झाडे-घरे-शस्त्रे यांची मॉडेल दुसऱ्या शहरात बनतात, त्यांवर टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागाचा रंग-पोत, तिसरीकडे चढते, तपासणी चौथीकडे होते. पुणे बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी असते. त्यात कमीपणा काहीच नाही. एखाद्या वाड्याच्या दरवाजाचे मॉडेल करणारा मुलगा लाकडाच्या रेषा, बिजागरीचा गंज, उंबरठ्याची झीज यांचा अभ्यास करतो, आणि मोठ्या कंपनीत त्याला जी शिस्त, जी साधने आणि जे वरिष्ठ मिळतात ते लहान ठिकाणी मिळणे कठीण असते. मीही जे शिकले ते अशाच ठिकाणी शिकले. खेळ सुरू असताना कंट्रोलरची जोडणी तुटली, तर खेळ आपोआप थांबून सूचना दिसली पाहिजे, अशा शेकडो अटी कन्सोल, म्हणजे गेम खेळण्याची यंत्रे, बनवणाऱ्या कंपन्या घालतात आणि त्यांतली एक जरी चुकली तरी खेळ परत येतो. हजार बारीकसारीक गोष्टी सांभाळून एखादी वस्तू लोकांच्या हाती देण्याचा जो अभिमान असतो, तो मला या कामाने दिला, आणि म्हणूनच मी त्याच्याविषयी तळमळीने लिहिते आहे.

पण पुण्याचे काम पुण्यात आणि निर्णय दुसरीकडे, हा या रचनेचा मोठा दोष आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ आपल्याकडे घेतला आणि २०१८ साली मुंबईत दुसरा उघडला. २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती करण्याची जबाबदारी या दोन्ही स्टुडिओंना मिळाली. एवढ्या मोठ्या नावाचा खेळ मुख्यतः भारतीय स्टुडिओंनी घडवायचा, ही आपल्याकडच्या प्रत्येक कलाकाराला उभारी देणारी बातमी होती. सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक दाखवण्यात आली, तिच्या चित्रणावर जगभरातून टीका झाली, प्रकाशन पुढे पुढे गेले आणि मे २०२२ मध्ये खेळ मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवल्याचे जाहीर झाले. झलक कमी पडली होती, हे मी नाकारत नाही आणि तो व्यावसायिक निर्णय चूक होता की बरोबर, हा वाद मला येथे घालायचा नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट लागते. पुण्या-मुंबईने घडवलेला तो खेळ लोकांच्या हाती आलाच नाही आणि म्हणून त्या कामाची नामावली कधी कोठे सरकली नाही. त्यासाठी आयुष्याची वर्षे दिलेले लोक, आपण काय केले, हे कशावर बोट ठेवून दाखवतील?

याच पुण्यात नॉडिंग हेड्स या लहानशा स्टुडिओने 'राजी' हा खेळ केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी ते थांबले नाहीत आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो खेळ निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला. भारतीय पुराणकथांच्या वातावरणातली राजी ही मुलगी जगभरच्या खेळाडूंनी हाती घेतली. तेथे माणसे थोडी होती, पैसा त्याहून थोडा होता, पण काम कोणाचे याविषयी संदिग्धता नव्हती. मोठ्या कंपनीला हे जमणार नाही असे मुळीच नाही, कारण नाव लिहायला पैसे लागत नाहीत.

नावाचा हा झगडा व्हिडिओ गेमइतकाच जुना आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अटारी कंपनी आपल्या खेळांवर ते लिहिणाऱ्यांची नावे छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने 'ॲडव्हेंचर' या खेळात, वरिष्ठांना न सांगता, एक गुप्त खोली बांधून ठेवली आणि तिच्यात आपले नाव लिहिले. एक ठिपका, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा, उचलून योग्य भिंतीपाशी नेला तरच त्या खोलीत जाता येई. तो नोकरी सोडून गेल्यावर एका किशोरवयीन खेळाडूला ती खोली सापडली. आज लोक हा किस्सा गमतीने सांगतात. मला मात्र त्यात लाखो घरांत पोहोचलेल्या वस्तूवर आपले नाव उघडपणे लिहिता येत नाही म्हणून ते भिंतीमागे लपवणारा माणूस दिसतो. त्याच अटारीतून चार प्रोग्रॅमर १९७९ साली बाहेर पडले. मोबदला आणि श्रेय या दोन्हींवरून त्यांचे बिनसले होते. त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि खेळाबरोबर तो करणाऱ्याचेही नाव छापायला सुरुवात केली.

पुढे ॲक्टिव्हिजन स्वतःच अवाढव्य झाली. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्याच मालकीच्या रेव्हन सॉफ्टवेअर या अमेरिकी स्टुडिओत बारा टेस्टरांना काम संपल्याचे सांगण्यात आले, त्यांच्या सहकाऱ्यांनी काम बंद केले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी तेथल्या टेस्टरांनी संघटना स्थापन केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेमिंग विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवले. श्रेयाच्या मागणीतून जन्मलेल्या कंपनीचा हा प्रवास पाहिला, की मालकांच्या चांगुलपणावर हा प्रश्न सोडून भागत नाही, हे लक्षात येते. २०२१ साली आलेल्या 'मेट्रॉइड ड्रेड' या खेळाच्या वेळी, एकूण निर्मितिकाळाच्या किमान पंचवीस टक्के काळ काम केले नसेल तर नामावलीत नाव नाही, असा त्या स्टुडिओचा नियम असल्याचे उघड झाले. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये प्रकाशनापूर्वी नोकरी सोडलेल्यांची नावे खेळात आली नाहीत, कंपनीने त्यांचे आभार आपल्या संकेतस्थळावर मानले. याचा अर्थ असा, की तीन वर्षे राबून अखेरच्या महिन्यात आजारी आईसाठी गावी परतलेल्या माणसाने जणू काही केलेच नाही.

कोणी म्हणेल, नावाचे एवढे काय? पगार मिळाला ना? या आक्षेपाचे उत्तर भावनेत नाही, व्यवहारात आहे. गेम क्षेत्रात नवी नोकरी मिळते ती दाखवता येणाऱ्या कामावर. परंतु नेमणुकीच्या वेळीच आपण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, त्यामुळे खेळ बाहेर येईपर्यंत त्यातले एकही चित्र, एकही मॉडेल कोणाला दाखवता येत नाही, आणि परदेशी कंपनीसाठी कंत्राटावर काम केले असेल तर पुष्कळदा खेळाचे नावही उच्चारता येत नाही. खेळ बाहेर आल्यावर नामावलीत नाव असेल तर तोच पुरावा असतो. तेही नसेल तर चार वर्षांचा अनुभव मुलाखतीत केवळ तोंडी उरतो. माझ्या ओळखीतल्या एका टेक्सचर कलाकाराने तीन मोठ्या खेळांवर काम केले आहे आणि त्याच्या बायोडेटात त्या जागी लिहिले आहे : 'एक अप्रकाशित प्रकल्प', 'एक गोपनीय प्रकल्प', 'एक गोपनीय प्रकल्प'. त्याला पगार किती द्यायचा हे अशा ओळी वाचून ठरते. नाव न देणे ही निव्वळ उपेक्षा नसून ती त्या माणसाच्या बाजारभावातली थेट कपात आहे.

आणि आपल्याला ही गोष्ट समजायला परदेशी उदाहरणे कशाला हवीत? बालगंधर्व रंगमंदिरात तिसरी घंटा झाली, की पडद्यामागून एक आवाज येतो आणि नेपथ्य कोणाचे, प्रकाशयोजना कोणाची, रंगभूषा, वेशभूषा, पार्श्वसंगीत कोणाचे, हे तो नावानिशी सांगतो. ज्याच्या तोंडी एकही वाक्य नाही अशा माणसाचे नाव नटाने रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वी भरल्या नाट्यगृहात उच्चारले जाते. गेम ही नाटकासारखीच अनेक हातांची कला आहे. ज्या शहरात ही रीत इतकी मुरलेली आहे, त्या शहराने आपल्या चाळीस-चाळीस मुलांना कंपनीच्या नावाच्या एका ओळीत गुंडाळू देऊ नये.

आता तासांविषयी. प्रकाशनाची तारीख जवळ आली की आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या जादा कामाला या क्षेत्रात 'क्रंच' म्हणतात. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या होणाऱ्या पत्नीने निनावी पत्र प्रसिद्ध करून सांगितले, की सातही दिवस सकाळी नऊ ते रात्री दहा असे काम करवून घेतले जात आहे आणि त्याचा जादा मोबदला मिळत नाही. त्या काळातल्या खटल्यांतून कंपनीला कलाकारांना १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रॅमरांना १ कोटी ४९ लाख डॉलर देण्याची तडजोड करावी लागली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने 'सायबरपंक २०७७' साठी सक्तीचा क्रंच टाळण्याचे आश्वासन दिले होते, तरी सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लागू केला. तेथल्या कायद्यामुळे निदान जादा तासांचे पैसे देणे भाग होते. एवढे करूनही डिसेंबर २०२० मध्ये तो खेळ इतक्या दोषांसह आला, की सोनीला काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून उतरवावा लागला. थकलेल्या माणसाच्या हातून बग सुटतात, हे अकराव्या रात्रीच्या टेस्टरला कोणी शिकवावे लागत नाही.

पुण्यात या क्रंचला वेळेच्या फरकाची जोड मिळते. मॉन्ट्रियलची सकाळ आपली संध्याकाळ असते आणि लॉस एंजेलिसची सकाळ आपली रात्र. दिवसाचे काम उरकले की बैठका सुरू होतात, त्या संपतात तोवर नवे बिल्ड येऊन पडलेले असते, आणि ते उद्या सकाळपर्यंत तपासून हवे असते. हे तास हजेरीत येत नाहीत, कारण बैठक घरून केलेली असते आणि बिल्ड 'जरा बघून ठेव' म्हणून आलेले असते. माझ्या वडिलांचे पंचकार्ड मी लहानपणी अनेकदा हातात घेतले आहे. जाड पिवळट पुठ्ठा, त्यावर निळ्या शाईत ठसलेल्या वेळा आणि पगाराच्या चिठ्ठीत जादा तासांचा वेगळा रकाना. दिवाळीच्या आधी त्या रकान्यात आकडा मोठा असे आणि आई त्यावरून किराण्याची यादी ठरवी. बाबा आठवीपर्यंत शिकलेले होते, मी पदवीधर, पण आपण किती तास विकले हे त्यांना मिनिटागणिक ठाऊक असे आणि मला ते कधीच कळले नाही.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आणि तीन महिन्यांत १२५ जादा तासांची कमाल मर्यादा होती. तथापि व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू होत नाही आणि दोन वर्षांत 'लीड', म्हणजे गटप्रमुख, झालेल्या मुलाला आपण या कायद्याच्या आत की बाहेर, हे सांगणारे कोणी नसते. २०२४ साली पुण्यातल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीत काम करणारी २६ वर्षांची तरुणी दगावली आणि कामाच्या ताणाविषयी तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले, तेव्हा तपासणीस गेलेल्या कामगार विभागाला त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. ज्या सप्टेंबर २०२५ मध्ये गेमिंगचे धोरण मंजूर झाले, त्याच महिन्यात त्याच मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा, तिमाहीतले जादा तास १२५ वरून १४४ करण्यास आणि या तरतुदी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या ठेवण्यास मान्यता दिली. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी वाचकांना विनंती आहे. एका हाताने कलाकारांसाठी कोट्यवधींची तरतूद करायची आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याच दिवसाचे तास वाढवायचे, हे धोरण म्हणून जुळत नाही.

अटी घातल्या तर काम दुसऱ्या देशात जाईल, ही भीती मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. या क्षेत्रात काम खरोखरच हलते. पण ते हलवणारी कंपनी दर पाहते, कसब पाहते, वेळेत मिळण्याची खात्री पाहते. नामावलीत चाळीस नावे लिहावी लागतात म्हणून ती पुणे सोडणार नाही. तासांच्या नोंदीने खर्च वाढेल, हे खरे आहे. मात्र तो खर्च आजही होतच आहे, फक्त तो कंपनीच्या वहीत न पडता पंचविशीतल्या मुलांच्या झोपेत, पाठीत आणि डोळ्यांत पडतो आहे, आणि तिशी गाठता गाठता माझ्या बरोबरीचे निम्मे लोक या क्षेत्रातून निघून गेले. शिकवून तयार केलेली माणसे अशी गळत राहिली, तर इथून मोठा खेळ कधी उभाच राहणार नाही, कारण त्याला दहा-पंधरा वर्षे मुरलेले हात लागतात.

राहता राहिला आवडीचा प्रश्न. मुलाखतीत आम्हाला विचारले जाई, "खेळांची आवड आहे ना?" आणि आम्ही सारे मनापासून हो म्हणत असू. त्या हो-मध्ये रात्रीही, रविवारही आणि नावही देऊन टाकले आहे, असे धरले जात असे. आवड होती म्हणूनच मी बुरुजापाशी तिसऱ्यांदा, सातव्यांदा, दहाव्यांदा तलवार उपसून मागे सरकले. आवडीने काम चांगले होते, आणि चांगल्या कामाचे दाम जास्त असायला हवे.

धोरणाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांना सवलतीसाठी अर्ज करावाच लागणार आहे. त्या अर्जात दोन रकाने घालावेत. पहिल्यात, मागील वर्षी प्रकाशित झालेल्या प्रत्येक खेळावर महाराष्ट्रातल्या किती लोकांनी काम केले आणि त्यांपैकी किती जणांची नावे, कंत्राटी आणि मधेच सोडून गेलेल्यांसह, नामावलीत आली, हे लिहावे. खेळ रद्द झाला असेल, तर त्यावर काम केलेल्यांना खेळाच्या नावासह लेखी प्रमाणपत्र दिले का, तेही त्यातच यावे. दुसऱ्यात, वर्षभरात किती जादा तास नोंदले गेले आणि त्यांचे किती पैसे दिले, हे लिहावे, आणि क्रंच होऊनही तो आकडा शून्य असेल तर कामगार विभागाने येऊन हजेरी पाहावी. रात्रीच्या बैठका आणि घरून तपासलेली बिल्ड सर्व्हरवर वेळेसकट नोंदलेली असतात, त्यामुळे हा हिशेब काढणे पंचकार्डाच्या काळापेक्षा कितीतरी सोपे आहे.